स्किमर सॉक: सोसायटीच्या स्विमिंग पूलसाठी घ्यावा का?

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये पूलच्या कडेला पीतमोहर, गुलमोहर नाहीतर रेन ट्री हमखास असतो. मोठ्या पानांचा फिल्टरला त्रास नाही, ती स्किमरच्या, म्हणजे पूलच्या भिंतीतल्या पाणी ओढणाऱ्या तोंडाच्या, बास्केटमध्ये अडकतात. खरी डोकेदुखी बारीक मालाची: गुलमोहराची इवलीशी पानं, पीतमोहराच्या चुरगळलेल्या पिवळ्या पाकळ्या, रेन ट्रीच्या फुलांचे गुलाबी तंतू. हे सगळं बास्केटच्या भोकांतून निसटतं आणि पंपाच्या स्ट्रेनरवर (पंपाआधीच्या जाळीवर) किंवा पुढे थेट फिल्टरमधल्या वाळूवर जाऊन बसतं. तंतू आणि पोहणाऱ्यांचे केस एकत्र आले की स्ट्रेनरच्या आत गोधडीच तयार होते.

स्किमर सॉक हा त्यावरचा अगदी साधा उपाय. नायलॉनच्या बारीक जाळीची, तोंडाला इलॅस्टिक असलेली पिशवी. बास्केट बाहेर काढायची, सॉक तिच्या आत सोडायचा, इलॅस्टिक काठावरून बाहेर दुमडायचं आणि बास्केट परत जागेवर दाबून बसवायची. पाच किंवा दहाच्या पाकिटात मिळतो. स्किमरचा पूल असेल आणि रोज सकाळी सॉक बदलणारा माणूस असेल तर जरूर घ्या. यातलं एक जरी नसेल तर पैसे वाया, कदाचित पंपही.

पाकिटावर ‘सर्व स्किमरना बसतो’ असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आपल्या बास्केटच्या तोंडाचा व्यास आणि खोली टेपने मोजून घ्या. सॉक बास्केटपेक्षा फार लांब असला तर खालचं टोक गोळा होऊन पाइपच्या तोंडाशी ओढलं जातं. चौकोनी बास्केटवर गोल सॉक कोपऱ्यात ताणला जातो आणि पहिल्यांदा तिथेच फाटतो. बास्केट तडकलेली असेल तर आधी ती बदला. तुटलेल्या प्लास्टिकची धार जाळी कापते, मग साठलेला कचरा एकदम पंपाकडे सुटतो.

जाळी जितकी बारीक तितकी ती लवकर भरते, हे सॉकचं बळ आणि दुखणं दोन्ही. बहराच्या दिवसांत सकाळी लावलेला सॉक दुपारपर्यंत गच्च होऊ शकतो. तो भरल्याचं प्रेशर गेजवर ओळखताना बरेच जण फसतात. वाळू तुंबली की फिल्टरवरच्या गेजचा काटा चढतो. सॉक किंवा बास्केट तुंबली की तो उतरतो, कारण पंपालाच पाणी पुरत नाही. काटा खाली आलाय, म्हणजे फिल्टर स्वच्छ आहे, असं समजून पंप रूमला कुलूप लावलं की संपलं. स्ट्रेनरच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसतात, पंप खडखडतो, पाण्याअभावी पंपाच्या शाफ्टवरचं मेकॅनिकल सील तापतं आणि गळायला लागतं. पूलला एकच स्किमर असेल तर हा धोका जास्त. अशा वेळी मेन ड्रेनचा (पूलच्या तळातून पाणी ओढणाऱ्या पाइपचा) व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवू नका, थोडं पाणी तिकडूनही येऊ द्या. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर हवी. त्याखाली गेली की सॉक असो वा नसो, पंप हवा ओढणारच.

फायदा मोजायचा तो बॅकवॉशमध्ये, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुण्यात. दीड लाख लिटरच्या पूलचं सगळं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचं तर पंप ताशी २५,००० लिटरचा लागतो. तीन मिनिटांच्या बॅकवॉशला १,२५० लिटर पाणी ड्रेनमध्ये जातं, नंतर वाळू बसवणाऱ्या रिन्सचं पाणी वेगळं. टँकरवर पूल चालवणाऱ्या सोसायटीला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. वाळू धुतल्यानंतरचं प्रेशर लिहून ठेवा. त्यावर ०.५ ते ०.७ बार चढलं की बॅकवॉश, त्याआधी नाही. सॉक लावल्यावर दोन बॅकवॉशमधले दिवस वाढले का, हे लॉगबुकमध्ये पाहा. वाढले नसतील तर तुमचा कचरा दुसऱ्या वाटेने येतोय किंवा जाळीत न थांबण्याइतका बारीक आहे.

तसा कचरा भरपूर असतो. मेट्रो आणि बांधकामांची धूळ, मेलेलं शेवाळ हे सॉकमधून आरपार जातं, त्याला वाळूच हवी. पाणी फारच गढूळ असेल तर फटकडी टाकून, पंप बंद ठेवून रात्रभर गाळ बसू द्यायचा आणि सकाळी फिल्टरचा मल्टीपोर्ट व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर (पाणी थेट ड्रेनमध्ये) ठेवून व्हॅक्यूम करायचा. खोबरेल तेल आणि सनस्क्रीनही सॉक थांबवत नाही, उलट जाळी बुळबुळीत होऊन लवकर तुंबते. पोहण्याआधी शॉवर सक्तीचा केला तर कुठल्याही सॉकपेक्षा जास्त फरक पडेल, पण ती कमिटीची डोकेदुखी.

धुताना सॉक उलटा करा, पाइपच्या धारेखाली धरा आणि सावलीत वाळवा. साबण नको, पूलमध्ये फेस येतो. तीन सॉक पाळीपाळीने वापरले तर प्रत्येक जास्त टिकतो. स्किमरमध्ये क्लोरीनची गोळी टाकायची सवय असेल तर ती सोडा. पंप बंद असताना गोळीभोवतीचं पाणी तीव्र आणि आम्लधर्मी होतं, त्यात आधी इलॅस्टिक जातं.

ठाणे-नवी मुंबईत ओव्हरफ्लोचे पूलही खूप आहेत: कडेने गटर, त्यावर ग्रेटिंग, खाली ते पाणी साठवणारा बॅलन्सिंग टँक. तिथे सॉकचा उपयोग नाही. गटरच्या आउटलेटवर जाळी बांधायचा मोह होतो, पण ती भरली की पाणी डेकवर येतं आणि टँक रिकामा होऊन पंप हवा ओढतो. टँकमध्ये जिथे गटरचा पाइप पडतो तिथे मोठी, हाताने उचलता येईल अशी जाळीची टोपली ठेवा आणि ग्रेटिंग आठवड्यातून एकदा उचलून गटर झाडा. मेन ड्रेनवर मात्र कुठलीच जाळी, कापड लावू नये. तिथलं झाकण शाबूत असणं हा पोहणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

‘त्यापेक्षा झाडच तोडा’ ही सूचना प्रत्येक मीटिंगमध्ये येते. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे पालिकेच्या परवानगीशिवाय तसं करता येत नाही, आणि बरंच आहे.

पहिल्या पावसात झाडांपेक्षा वाळवीच्या पंखांचा कचरा मोठा. त्या दोन-चार संध्याकाळी डेकचे आणि पाण्यातले दिवे बंद ठेवा, सॉक निम्माच भरेल. सॉक लावला तरी पंपाचा स्ट्रेनर उघडून पाहणं चुकत नाही. बेसमेंटमधला पंप पाण्याच्या पातळीखाली असतो, म्हणून झाकण उघडण्याआधी पंप बंद करून सक्शनचा आणि फिल्टरकडे जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर पूल पंप रूममध्ये येईल. झाकणाची ओ-रिंग पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीनने रबर फुगतं.