मनाली–काझा आणि भाड्याची गाडी: डिपॉझिट कसं बुडवतात

मनालीहून स्पिती खोऱ्यातल्या काझाला स्वतः गाडी चालवत जायचं म्हणून उन्हाळ्यात महाराष्ट्रातून बरीच जोडपी येतात. घरची गाडी आणायची तर जाण्यायेण्यातच रजा संपते. मग चंदीगडपर्यंत विमान, पुढे रात्रीची व्हॉल्वो आणि मनालीत सेल्फ ड्राइव्ह गाडी असा बेत ठरतो. बेतात काही वावगं नाही आणि सरळ व्यवहार करणारे गाडीवाले तिथे आहेतच. पण काही जणांची खरी कमाई भाड्यापेक्षा डिपॉझिटमधून होते. त्यांची रीत इतकी ठरलेली आहे की एकदा समजून घेतली तर पहिल्या फोनवरच ओळखता येते.

व्हॉट्सॲपवर चांगल्या गाडीचे फोटो येतात आणि ॲडव्हान्स कुणाच्यातरी वैयक्तिक यूपीआयवर मागितला जातो. मनालीत पोचलं की 'ती गाडी काल बंद पडली, आज ही घ्या' असं सांगून दुसरीच गाडी पुढे केली जाते. सकाळची वेळ ठरलेली असते, पण गाडी हातात येते दिवेलागणीला, तीही ओली नाहीतर चिखलाने माखलेली. डिपॉझिट रोख किंवा पुन्हा यूपीआयने घेतात आणि वर मूळ आधार कार्ड नाहीतर लायसन्स ठेवून घेतात. करारावर दाखवतील तिथे सही करायची. त्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'कच्च्या रस्त्यावर झालेलं कुठलंही नुकसान ग्राहकाकडून'. आता मनाली–काझा रस्त्यावर ग्राम्फूपासून लोसरपर्यंतचा बराच भाग दगडमातीचाच आहे. म्हणजे ज्या प्रवासासाठी गाडी दिली, त्याच प्रवासाची जबाबदारी सहीसरशी तुमच्यावर येते.

परतीला संध्याकाळच्या व्हॉल्वोची तिकिटं काढलेली असतात, आणि गाडीवाल्याने ते गप्पांत आधीच काढून घेतलेलं असतं. एक पोऱ्या टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटतो आणि बोटाला काळं तेल लावून बाहेर येतो: 'चेंबर को मार लगा है', म्हणजे इंजिनाखालच्या ऑइल पॅनला दगड लागलाय. मग शॉकअप लीक निघतो, पुढच्या बंपरची क्लिप तुटलेली निघते, क्लच जळालेला निघतो. त्यावर गाडी गॅरेजात उभी राहील तितक्या दिवसांचं भाडं. नवऱ्याला गॅरेजकडे चला म्हणतात, बायको सामानाजवळ एकटी थांबते आणि बस सुटायला तासभर उरलेला असतो. अशा वेळी बहुतेक जोडपी डिपॉझिटवर पाणी सोडतात, कित्येकदा वर आणखी पैसे भरून कार्ड सोडवून घेतात. याला व्यवहार म्हणता येत नाही, ही धाकदपटशाने केलेली वसुली आहे.

ती पचते, कारण हा रस्ता गाडीला खरोखरच झिजवतो. कुंझुम खिंड 4,551 मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटते, त्यामुळे चढावर आणि नाल्यांत गाडी पहिल्या गियरमध्ये अर्ध्या क्लचवर ओढली जाते आणि क्लचप्लेट तापते. उन्हं वर आली की बर्फ वितळून दुपारी नाल्यांचं पाणी वाढतं. पाण्याखालचा दगड दिसत नाही आणि चेंबरला लागतो. आधीच अर्धी संपलेली क्लचप्लेट या रस्त्यावर पूर्ण जाणार, हे गाडीवाल्याला गाडी देतानाच ठाऊक असतं. एकच क्लच तो हंगामात चार जोडप्यांच्या माथी मारू शकतो.

म्हणून खरी तपासणी गाडी घेताना करायची. दिवसाउजेडी, धुऊन कोरडी केलेली गाडी मागा आणि त्यासाठी पाऊण तास राखून ठेवा. मोबाइलवर एकच सलग व्हिडिओ काढा: सुरुवातीला नंबर प्लेट, मग चारही बाजू, चारही रिम, काच, टायरची आतली बाजू, स्टेपनी, जॅक आणि पाना, शेवटी चालू इंजिनासह मीटर. मग फोन गाडीखाली धरून फ्लॅश लावून चेंबर आणि चारही शॉकअप चित्रित करा. गाडीवाला शेजारी उभा असू द्या, त्याचा आवाज व्हिडिओत येऊ द्या आणि तो व्हिडिओ तिथल्या तिथे त्यालाच पाठवा.

क्लच असा बघायचा: सपाट जागी इंजिन चालू, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, पाय ब्रेकवर. गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून क्लच हळूहळू सोडा. क्लच ठीक असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. ते घरघरत चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे, ती गाडी घेऊ नका. ही चाचणी एकदाच करा, वारंवार केली तर चांगला क्लचही तापतो.

जुना मार आणि नवा मार यांत फरक दिसतो. पत्र्यावरचा ताजा ओरखडा चकचकीत असतो, तपकिरी गंज चढला असेल तर तो आधीचा. चेंबरमधून ताजी गळती असेल तर तेल ओलं असतं आणि गाडीखाली थेंब पडलेले दिसतात. जुन्या गळतीवर धूळ बसून काळा, जाड थर झालेला असतो, नखाने खरवडला तर निघतो. परतीला पोऱ्या गाडीखाली जाईल तेव्हा तुमच्यापैकी एकाने टॉर्च घेऊन खाली वाकून हेच बघायचं.

नंबर प्लेटकडे आम्ही सगळ्यात आधी बघतो. पेट्रोल-डिझेलच्या परवानाधारक सेल्फ ड्राइव्ह गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, ती भाड्याने देणंच बेकायदेशीर. अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, कारण खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. मग 'इन्शुरन्स है' या शब्दाला काही किंमत उरत नाही. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीचा प्रकार आणि विम्याची मुदत दिसते. ॲडव्हान्स पाठवण्याआधी नंबर मागा, द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

मूळ कार्ड कुणाकडेच ठेवू नका. ओळखीसाठी पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार पुरतं. लायसन्स तर गाडी चालवताना तुमच्याजवळच हवं.

याच लोकांकडून 'काझा परमिट' विकलं जातं, त्याचंही सांगून ठेवतो. अटल बोगद्यातून (9.02 किलोमीटर, ऑक्टोबर 2020 पासून खुला) कोकसर, ग्राम्फूमार्गे जायला रोहतांगचं परमिट लागत नाही. ते रोहतांग खिंडीवर जाणाऱ्यांसाठी आहे आणि सरकारी संकेतस्थळावर मिळतं. स्पितीसाठी भारतीय नागरिकांना इनर लाइन परमिटही (सीमेजवळच्या भागात जायचा परवाना) लागत नाही.

वाटेत चेंबरला जोराचा दगड लागलाच तर लगेच इंजिन बंद करा आणि खाली बघा. तेल गळत असताना गाडी पुढे रेटली तर इंजिन जाम होतं, आणि तो खर्च साध्या पॉलिसीत मिळत नाही. कोकसर ते लोसर बहुतेक भागात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा फोटो काढून ठेवा आणि रेंज आली की गाडीवाल्याला वेळ-ठिकाणासह कळवा. जे नुकसान खरंच तुमच्या हातून झालं असेल त्याचे पैसे द्यायचेच, पण गॅरेजचं जीएसटी बिल आणि बदललेला जुना भाग बघितल्यावर.

परतीची बस गाडी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशीची काढा, म्हणजे घाईचा फास त्यांच्या हाती राहत नाही. तरीही अडवणूक झाली तर गॅरेजला जाऊ नका, दोघंही गाडीजवळच थांबा आणि 112 लावा. आधीचा व्हिडिओ हाताशी असेल तर पोलिसांचं नाव काढताच मागणी बऱ्याचदा खाली येते. पैसे द्यावेच लागले तर रोख देऊ नका, यूपीआयने द्या आणि नोंदीत 'दुरुस्तीच्या नावाखाली, अमान्य' असं लिहा.

घरी आल्यावरही वेळ गेलेली नसते. ॲडव्हान्स घेऊन माणूस गायबच झाला असेल तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. डिपॉझिट अडवलं असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, त्यासाठी कुलू गाठावं लागत नाही. गाडीवाल्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. सोबत करार, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲप संभाषण आणि गाडी घेताना व परत देताना काढलेले व्हिडिओ जोडायचे.