बनावट ग्रिस्वोल्ड: टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नजर कुठे चुकते

ग्रिस्वोल्ड अँड गनिसन या जुन्या अमेरिकी कारखान्याचं म्हणून घेतलेलं टोपीचं रिव्हॉल्व्हर (हॅमर पडताच ठिणगी देणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीने उडणारं) इटालियन नक्कल निघालं, तीही १९७५ किंवा त्यानंतरची. पैसे गेले ते गेले. तपासणीत काय निसटलं तेवढं इथे मांडतोय.

अमेरिकी यादवी युद्धात जॉर्जियातल्या ग्रिस्वोल्डव्हिलला १८६२ ते १८६४ या काळात सुमारे ३,७०० नग बनले. नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या फौजेने कारखाना जाळला. कोल्ट कंपनीच्या 'नेव्ही' रिव्हॉल्व्हरच्या धर्तीचं .३६ कॅलिबर, सहा गोळ्या, साडेसात इंची गोल बॅरल आणि पितळी फ्रेम. बनावटवाल्यांचं हे लाडकं, कारण त्यावर कारखान्याचं नावच नाही. खोटी कोल्ट करायची तर बॅरलवरचा पत्ता आणि सिलिंडरवर कोरलेलं आरमारी लढाईचं चित्र जमवावं लागतं. इथे खोडायचं तेवढं खोडलं की काम झालं!

नकलेवर मूळची अक्षरं असतात: इटलीत बनल्याची, फक्त काळी दारू वापरण्याची सूचना, शिवाय इटलीतल्या गार्दोने गावच्या शस्त्र-चाचणीगृहाचे शिक्के आणि छोट्या चौकोनात वर्षाचा सांकेतिक खूण-शिक्का. १९७५ साठी 'AA' (ए-ए), पुढच्या वर्षी 'AB' (ए-बी). हे सगळं कानशीने उडवलेलं होतं, पण बॅरलच्या बुडाशी चौकोनाची एक कड आणि पहिला 'ए' राहिला होता. तिथे पोलादी पट्टी उभी धरून मागून उजेड टाकायला हवा होता. घासलेल्या जागी पट्टीखालून उजेडाची फट दिसते. फोटोत नेमका तोच भाग सावलीत होता. तेव्हा फोटो मागायचे ते बॅरल धरून ठेवणारी पाचर काढून, बॅरल, सिलिंडर आणि फ्रेम वेगळी करून, दोन्ही बाजूंचे. (हातात आल्यावर आधी टोप्या उतरवा आणि सिलिंडरच्या प्रत्येक घरात लाकडी काडी घालून खोली मोजा. जुनी शस्त्रं भरलेलीही सापडतात.)

गंज बघायचा तो निपलभोवती, म्हणजे टोपी बसते त्या छोट्या नळीभोवती. जुन्या टोप्यांतल्या पोटॅशियम क्लोरेटचं जळून क्षार होतं, ते ओल ओढतं, म्हणून खऱ्या वापरलेल्या शस्त्रात निपल, त्यांची खोबणी आणि हॅमरचं नाक आधी खाल्लं जातं. आमच्या नगावर बाहेरून सगळीकडे सारखे खड्डे, निपलची खोबणी मात्र स्वच्छ, आणि बॅरलच्या आतले आटे धारदार. एवढ्यावरच थांबायला हवं होतं.

नंबरही फसवे. भिंगाखाली अंकांचा तळ पाहा: गंजाचा खड्डा कापत अंक गेला असेल आणि तळ गुळगुळीत असेल, तर ठोकणी गंजानंतरची. फ्रेम, बॅरल, सिलिंडर या तिन्हींवर नंबर जुळला म्हणून हुरळायचं कारण नाही. तीन ठिकाणी ठोकायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

निपल काढून सहा मिलिमीटर, पाऊण मिलिमीटर आट्यांचं नवं निपल हाताने फिरवून पाहा. अलगद बसलं तर सिलिंडर आजच्या मापाचं. विक्रेता निपल काढू देत नसेल तर तेही उत्तरच.

.४४ कॅलिबरचं 'ग्रिस्वोल्ड' आणि पायरी पाडलेलं सिलिंडर दिसलं तर बोलणं तिथेच संपवा. खरं सिलिंडर सरळ असतं. खऱ्यात ते पिळलेल्या लोखंडाचं, त्यामुळे तिरक्या पिळाच्या अंधुक रेषा दिसतात. आम्लाने ओढलेल्या रेषा फक्त वरच्या कातडीवर राहतात. फ्रेमचा रंगही पाहावा: खरी तांबूस झाक देते, नकलेचं पितळ पिवळं. पण अमोनियाच्या वाफेने पितळ काळवंडवता येतं, म्हणून ग्रिपखाली, स्क्रूच्या भोकात पाहा.

सोबत 'पणजोबांचं शस्त्र' अशी नोटरी केलेली शपथ होती. नोटरी सहीची खात्री देतो, पोलादाची नाही. अमेरिकेत १८९८ पर्यंतची शस्त्रं आणि टोपीच्या नकलाही १९६८ च्या कायद्याने 'अँटिक' गणल्या जातात, त्यामुळे सहसा परवानाधारक दुकानाच्या वहीत माग सापडत नाही. म्हणून परतीची मुदत लेखी हवी, आणि पैसे देण्याआधी. आमच्या पावतीवर 'आहे तसं' एवढंच होतं.