एका सेक्रेटरीनं तपासलेला गोकुळधामचा हिशेब

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे, त्यामुळे ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’बद्दल चार शब्द जास्त बोलायचा हक्क मी स्वतःकडे घेतलाय. या विनोदी हिंदी मालिकेतल्या गोकुळधाम सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे भिडे मास्तर, म्हणून आमच्या वार्षिक सभेत आवाज चढले की मागून कुणीतरी हमखास ओरडतं, ‘‘भिडे मास्तर, घ्या आता!’’ थकबाकीदारांची यादी बोर्डावर लावली की मी भिडे. टाकी धुवायला पाणी बंद ठेवलं की मी भिडे. पूर्वी चिडायचो, आता मीच फोनवर ‘‘भिडे बोलतोय’’ म्हणतो.

मालिका २८ जुलै २००८ ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. चार हजारांच्या वर भाग झालेत. ती वेळेवर थांबायला हवी होती का, यावर आमच्या कट्ट्यावर दोन तट आहेत. माझं मत सरळ आहे: २०१७-१८ च्या सुमारास पडदा पाडायला हवा होता. मात्र लोक त्याची जी कारणं देतात, ती मला पटत नाहीत.

आधी तिच्या चांगल्या दिवसांबद्दल, कारण ते खरोखरच चांगले होते. मूळ लेखन तारक मेहता यांचं. ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात १९७१ पासून त्यांचं सदर चालायचं, त्यावरून ही मालिका बेतली. सुरुवातीच्या भागांत भांडणं अगदी दारातली असत. दुकानदार जेठालालच्या पोराचा, टप्पूचा चेंडू भिड्यांच्या खिडकीवर बसला की काच फुटल्याच्या आवाजापाठोपाठ भिडे गॅलरीत हजर. मेंटेनन्सचा चेक मागायला ते जेठालालकडे गेले की तो आधी विषय बदलणार, मग दुकानातल्या मंदीचं रडगाणं गाणार, तेवढ्यात आतून त्याचे वडील बापूजी ओरडणार आणि चेक निघणार. तो चेक लिहिताना जेठालाल झालेल्या दिलीप जोशींचा चेहरा बघावा. ओठांवर हसू आहे आणि डोळ्यांत भिड्यांना शिव्या आहेत. संवाद नसला तरी चालतं. थकबाकी वसुलीचा अनुभव असलेल्या माणसाला त्या चेहऱ्याचं मोल विचारा! आमच्या बी विंगेत असे तीन चेहरे आहेत.

जेठालालच्या बायकोचा, दयाचा भाऊ सुंदरलाल, त्याचंही तसंच. अहमदाबादहून थेट टॅक्सीनं यायचं आणि भाडं मेहुण्याच्या खिशातून काढायचं. वर्षानुवर्षं एकच विनोद, तरी दर वेळी हसू येई, कारण दया भावाला बघून मोहरून जायची आणि जेठालालला बायकोदेखत बोलताही यायचं नाही. दया आणि सुंदर झालेले दिशा वकानी आणि मयूर वकानी खरोखरच सख्खे बहीण-भाऊ असल्यामुळे त्या मोहरण्यात काही वेगळं करावं लागत नसावं.

आणि भिडे. हिंदी मालिकेतला मराठी माणूस म्हणजे हवालदार किंवा कामवाली, असा शिरस्ता असताना इथे एक शिकवण्या घेणारा, स्कूटरला सखाराम म्हणणारा, रोज फळ्यावर सुविचार लिहिणारा, पैशाला चिकट पण मनानं सरळ असा मास्तर आला. लोणची-पापडांच्या ऑर्डरी घेणारी माधवी तर आमच्या प्रत्येक मजल्यावर एक आहे. मंदार चांदवडकर आणि सोनालिका जोशी यांनी या दोघांना कधी कार्टून होऊ दिलं नाही.

आता उताराबद्दल. सर्वसाधारण तक्रार अशी की जुने नट गेले आणि मालिका गेली. दिशा वकानी २०१७ मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्याच वर्षी भव्य गांधीनं टप्पूचं काम सोडलं, आणि आता तिसरा मुलगा टप्पू आहे. २०१८ मध्ये डॉ. हाथी झालेले कवी कुमार आझाद वारले, २०२१ मध्ये नट्टू काका म्हणजे घनश्याम नायक. २०२२ मध्ये तारक मेहता झालेले शैलेश लोढा मालिका सोडून गेले, म्हणजे ज्याच्या नावाची मालिका तो माणूसच बदलला. यादी मोठी आहे, मान्य. पण आपण नाटकवाली माणसं. बदली नट आपल्याला नवा नाही. पहिल्या संचातला नट गेला, दुसरा उभा राहिला, प्रयोग चालू राहिले, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतोय. संहिता भक्कम असेल तर दहाव्या मिनिटाला आपण नवा चेहरा स्वीकारतो.

खरी गोम आहे ती कुलूप लावून ठेवलेल्या गोष्टींत. पत्रकार पोपटलालचं लग्न घ्या. छत्री घेऊन फिरणाऱ्या या माणसाचं लग्न जमत नाही, हा सुरुवातीला फर्मास विनोद होता, कारण ते जमेलही अशी आशा होती. मग केव्हातरी बघणाऱ्याच्या लक्षात येतं की हे जमलं तर लेखकांचं हुकमी हत्यार जातं, म्हणून ते कधीच जमणार नाही. त्यानंतर नवी मुलगी आली की मी फक्त एवढंच बघतो की या खेपेला मोडणार कशावरून. विनोदाचा तिथे नुसता पंचनामा होतो.

दयाचं तर त्याहून वाईट. तिला परत आणायचं नाही, दुसरी नटी घ्यायची नाही, ती परतणार नाही असंही सांगायचं नाही. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास सुंदरनं शब्द दिला, सोसायटी सजली, सगळे डोळे लावून बसले आणि दया आलीच नाही. लोक खवळले, मालिकेवर बहिष्काराची भाषा झाली. मला त्यात जेठालालची कीव आली. बायको वर्षानुवर्षं माहेरी आणि या माणसाच्या आयुष्यात त्यामुळे काहीच बदलत नाही: रागवायचं नाही, जाऊन आणायचं नाही, सवय झाली असंही म्हणायचं नाही. २००८ चा जेठालाल पहिल्या आठवड्यात अहमदाबादची गाडी पकडून गेला असता.

शिवाय रतीब. मूळ लेखन साप्ताहिकातलं, मालिका मात्र आता सोमवार ते शनिवार. आठवड्याला सहा वेळा हसवायचं म्हटलं की एका गैरसमजावर आठ-दहा भाग काढावे लागतात. एकानं दुसऱ्याला फोनवर एक वाक्य स्पष्ट सांगितलं तर प्रश्न मिटेल, पण फोन लागत नाही, लागला तर बॅटरी जाते. प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्या बारा जणांचे बारा चेहरे दाखवायचे, तेही आवाजासकट. आपल्याकडच्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’शी ताडून बघा. २००१ मध्ये अल्फा मराठीवर आली, आठवड्याला एक भाग, आबांची रोजनिशी, आणि काही वर्षांत संपलीसुद्धा. आबा, शेखर, श्यामल, शिऱ्या, शलाका, कुणाचाही कंटाळा यायच्या आत. आजही एखादा भाग लावला तर पुढे ढकलावा लागत नाही.

आणि विषय संपले म्हणाल तर आमच्या कमिटीची मिनिट्स बुकं न्या म्हणावं. गळतीचा खर्च वरच्यानं द्यायचा की खालच्यानं, भाडेकरूच्या दुसऱ्या गाडीला जागा द्यायची का, भटक्या कुत्र्यांना जिन्यात खाऊ घालणाऱ्या काकूंना कोण बोलणार, पुनर्विकासात कार्पेट एरिया किती मिळणार. गोकुळधाम ज्या पावडर गल्लीत दाखवतात, ती गोरेगाव पूर्वेला आहे म्हणतात. तिथल्या सेक्रेटरीला हे प्रश्न रात्री झोपू देणार नाहीत. मी अलीकडे पाहिलेल्या भागांत मात्र यातलं फारसं दिसलं नाही. गुंड दिसले, भूत दिसलं.

त्या भुतावरूनच मला गप्प करतात लोक. २०२५ च्या पावसाळ्यात तो भुताचा ट्रॅक चालू असताना मालिका टीआरपीत थेट पहिल्या क्रमांकावर गेली. ‘‘बंद कशाला करायची? लोक बघतायत ना!’’ बरोबर आहे. सेटवर कितीतरी जणांची घरं चालतात, वाहिनीचा साडेआठचा स्लॉट भरतो. त्याच वर्षी एक राजस्थानी कुटुंबही गोकुळधाममध्ये राहायला आणलं. खिडकी उघडायचा प्रयत्न आहे, नाही असं नाही. आमच्या आईला तर माझं म्हणणं कळतच नाही. तिच्या लेखी ही मालिका जेवताना चालू ठेवायची गोष्ट आहे. कुणी मरत नाही, सासू विष घालत नाही, मधून उठून पोळी शेकून आलं तरी काही चुकत नाही. जेवणाच्या वेळेची सेवा म्हणून बघितलं तर काम चोख आहे.

तिच्यासाठी मध्यंतरी मराठीत डब केलेली ‘गोकुळधामची दुनियादारी’ लावून बघितली. सोय चांगली, पण सगळेच मराठी बोलायला लागले की भिड्यांच्या हिंदीतली मराठी फोडणी जाते. तेव्हा मूळच बघा.

सल्ला घेणाऱ्यांसाठी एवढंच: सोनी लिव्हवर जुने भाग आहेत, यूट्यूबवरही बरेच सापडतात. पहिली चार-पाच वर्षं बिनधास्त बघा, सुरुवात गणपतीच्या भागांपासून करा. सोसायटी बाहेरगावी सहलीला निघाली की तो आठवडा सोडा. दया दिसत नसेल तर पोरांना नादी लावू नका. जुन्या भागांना पाचपैकी साडेचार. आताच्यांना दोन, आणि त्यातला दीड आमच्या भिड्यांचा.