मे महिन्यात पाहिलेलं घर

काल आमच्या जुन्या भाड्याच्या फ्लॅटची जाहिरात दिसली. ‘नुकताच रंग दिलेला.’ फोटोत पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं ते लाकडी कपाटही जागच्या जागी. म्हणून हे लिहितोय.

डोंबिवलीतलं हे घर आम्ही मे महिन्यात पाहिलं. भिंती चकचकीत, रंगाचा वास ताजा. कपाट हलवून बघू म्हटलं तर मालक म्हणाले, “जड आहे हो, असू दे. तुम्हालाच उपयोगी पडेल.” आम्हीही खूश, फुकटचं कपाट! साठ हजार डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार.

जुलैत कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायला लागला. दोघांनी मिळून ते ओढलं. मागे भिंत फुगलेली, खाली पांढरी पूड, कोपऱ्यात काळी बुरशी. नखाने पोपडा काढला तर त्याच्या कडेला रंगाचे थर मोजता येत होते. पांढरा, त्याखाली क्रीम, त्याखाली पिस्ता. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, तिथे दर मे महिन्यात रंगारी येतो.”

मालकांचं म्हणणं एकच: तुम्ही कपडे घरात वाळत घालता, खिडक्या उघडत नाही, त्याची ही वाफ. पावसाळ्यात कपडे वाळवायचे कुठे, ते मात्र सांगितलं नाही. अर्थात स्वयंपाकघराच्या काचेवर पाणी जमायचं ते आमच्या कुकरचंच. पण भिंतीचं तसं नव्हतं. फॉइलचा फूटभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून त्या भिंतीवर दोन दिवस ठेवला. खोलीकडच्या बाजूला दव आलं असतं तर हवेतली वाफ. आमच्या फॉइलची बाहेरची बाजू कोरडी, भिंतीकडची ओलीगच्च. म्हणजे पाणी भिंतीतून येत होतं.

फोटो पाठवले, उपयोग शून्य. सोडताना रंगकामाचे म्हणून पंचवीस हजार कापले. करार रीतसर नोंदणी केलेला, पण त्यात ‘जागा सुस्थितीत मिळाली’ अशी ओळ होती आणि खाली माझी सही. पुढच्या भाडेकरूच्या रंगाचे पैसे आम्ही भरले, आमच्या रंगाचे बहुधा आधीच्याने.

उन्हाळ्यात घर बघताय तर कपाट हलवायला लावाच. बाथरूमच्या पाठची आणि पावसाच्या माऱ्याची भिंत खालपर्यंत हाताने चाचपा. ताबा घेताना प्रत्येक भिंतीचे फोटो मालकांना व्हॉट्सॲपवर टाका.

नव्या घराच्या करारात ‘भिंतीतून ओल आल्यास दुरुस्ती मालकाची’ ही ओळ घालायला सांगितली. एजंट वैतागला, “असं कोणी मागत नाही साहेब.” मालकांनी दहा मिनिटांत हो म्हटलं.