बँकॉकमध्ये चार दिवस: सुखुमवित की जुनं शहर?

विमानाची तिकिटं निघाली की घरात पुढचा वाद ठरलेला: उतरायचं कुठे? बँकॉकला आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा सुखुमवित या लांबलचक रस्त्यालगतच्या नव्या भागात, असोक स्टेशनपासून पाच मिनिटांवर राहिलो. दुसऱ्यांदा जुन्या शहरात, नदीवरच्या था तिएन धक्क्याच्या मागच्या गल्लीत. दोन्ही वेळा मार्चअखेर आणि दोन्ही वेळा आई बरोबर. आई शाकाहारी आहे, चालायला कंटाळत नाही, पण उन्हाला भिते. तुमच्यासोबत अशी व्यक्ती नसेल तर माझा हिशेब तुम्हाला तितकासा लागू पडणार नाही, हे आधीच सांगतो.

सुखुमवितची बाजू भक्कम आहे. सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वेने मक्कासानला यायचं, पुलावरून पलीकडे पेच्चबुरीला मेट्रो पकडायची, पुढचंच स्टेशन सुखुमवित. स्कायट्रेन दारात. मॉलमधल्या फूड कोर्टात कार्डात पैसे भरून वाजवी दरात पोटभर जेवता येतं, आणि नाना या जवळच्या भागात गेलं की डाळ-रोटीची चिंता मिटते. खोल्यांना लिफ्ट असते, रात्री अकरालाही रस्ता जागा असतो. (हा रस्ता एका महामार्ग अभियंत्याच्या नावाचा आहे, हे मला फार आवडलं. आपल्याकडे रस्ता बांधणाऱ्याचं नाव रस्त्याला कोण देतो!) तुमच्या यादीत चतुचकचा शनिवार-रविवारचा बाजार, सियामचे मॉल आणि गच्चीवरचे बार असतील, तर पुढे वाचूच नका, तिथेच खोली घ्या.

आमच्या यादीत मात्र जुन्या शहराकडचा राजवाडा, वाट फो, वाट अरुण (थाईत ‘वाट’ म्हणजे मंदिर) आणि खाणं एवढंच होतं. तिथे गाडी अडली ती दुपारच्या आंघोळीवर.

राजवाडा साडेआठला उघडतो. तिकीट 500 बाथ. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणजे अंगात पूर्ण पँट. अकरा वाजेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि डोक्यात एकच विचार असतो: खोलीवर जावं, अंगावर पाणी घ्यावं, तासभर आडवं व्हावं. खोली असोकला असली की हे जमत नाही. लोक म्हणतात, 2019 मध्ये मेट्रो राजवाड्याकडच्या सनाम चाय स्टेशनपर्यंत आली, आता अंतराचं काय घेऊन बसलात? अर्धं खरं आहे. गाडी बदलावी लागत नाही, डबा गार असतो. पण राजवाड्याच्या फाटकापासून स्टेशनपर्यंत भर उन्हात पंधरा-वीस मिनिटं चाला, नऊ स्टेशनं जा, वर या, पुन्हा चाला. आम्हाला दारापासून दारापर्यंत तास लागला. आणि एकदा पंख्याखाली पाठ टेकली की त्याच वाटेने परत निघायला कोणी तयार होईना. पहिल्या दिवशी असाच निकाल लागला, संध्याकाळ मॉलमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी हट्टाने परतलोच नाही, तर आईने वाट फोमधला अर्धा वेळ एका कट्ट्यावर सावली धरून काढला. वाट अरुण नदीच्या अलीकडून बघितलं, फोटोपुरतं.

दुसऱ्या खेपेला सगळं उलटं झालं. आठला बाहेर, साडेअकराला परत. आंघोळ, वामकुक्षी, चारला पुन्हा बाहेर. यात चतुराई काही नाही, खोली दहा मिनिटांवर होती इतकंच. पण त्यामुळे सकाळ घाईची राहिली नाही. राजवाड्याच्या आवारात, मरकत बुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवरीत रामकियेनची, म्हणजे थाई रामायणाची, 178 भित्तिचित्रं आहेत, तीही सावलीत. पहिल्यांदा आम्ही तिथून भराभर पुढे गेलो होतो. या वेळी आई एकेका चित्रापुढे थांबली. थाई मारुती ब्रह्मचारी नाही, रावणाच्या मुलीच्या, एका मत्स्यकन्येच्या, प्रेमात पडतो, हे कळल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. संध्याकाळी वाट फोत सहलींच्या बसगाड्या निघून गेलेल्या असतात. 46 मीटर लांबीच्या त्या पहुडलेल्या बुद्धाच्या पाठीमागे भिंतीलगत 108 कांस्य पात्रं आहेत. त्यांत एकेक नाणं टाकत जायचं. गर्दी नसली की तो आवाज दालनभर घुमतो. मग होडीने पलीकडे वाट अरुण.

खाण्यात सुखुमवित सरस असेल अशी माझी समजूत होती. आता तसं वाटत नाही. आईसाठी खरी अडचण फिश सॉसची. तो सोम तम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत असतो, साध्या परतलेल्या भाजीतही असतो. ‘जे’ लिहिलेली पिवळी पाटी दिसली की मांस-मासळीची काळजी नाही. तिथे लसूण-कांदाही नसतो. अशा पाट्या जुन्या शहरातही आहेत. शिवाय फाहुरात हा भारतीय वस्तीचा भाग जवळच आहे. तिथला गुरुद्वारा आणि आसपासची जिलेबी-समोशाची दुकानं बघून आईला अमृतसरला आल्यासारखं वाटलं. वाटेत पाक ख्लोंगचा फूलबाजार लागतो. झेंडूचे आणि मोगऱ्याचे ढीग पाहून दादरची आठवण येणारच. रात्री याओवारातला, म्हणजे चायनाटाउनला, जायला दोन स्टेशनं पुरतात. सोमवारी मात्र तिथल्या खाण्याच्या बऱ्याच गाड्या लागत नाहीत. आणि एका धक्क्याचं नावच ‘था महाराज’ आहे. तिथे बसून आंबा आणि चिकट भात खाल्ला नाही, तर घरी काय तोंड दाखवणार!

जुन्या शहराची दुखणीही सांगतो. अंधार पडला की नदीकाठ पार सामसूम होतो. नारिंगी झेंड्याची बोट दिवसा 16 बाथमध्ये हवं तिथे सोडते, पण संध्याकाळी लवकर थांबते. मग टॅक्सीवाला मीटर टाकायला राजी नसतो. अ‍ॅपवरून गाडी बोलवावी हे बरं. राजवाड्याबाहेर कोणी आपलेपणाने ‘आज बंद आहे, दुसरीकडे नेतो’ म्हणालं, तर ऐकायचं नाही आणि सरळ फाटकापर्यंत जायचं. आमच्या खोलीला लिफ्ट नव्हती, तिसऱ्या मजल्यावर दोन बॅगा मी चढवल्या आणि त्या रात्री असोकची आठवण काढली, खोटं कशाला बोलू. शिवाय जुनं शहर म्हणजे खाओ सान हा रात्रभर गजबजलेला बारचा रस्ता नव्हे. तिथे झोपेचं खोबरं होतं आणि मेट्रोही जवळ नाही.

खरेदी मुख्य असेल किंवा बरोबर लहान मुलं असतील, तर कदाचित सुखुमवितच सोयीचं पडेल. परवा मेहुण्याने हाच प्रश्न विचारला. तो सासूबाईंना घेऊन एप्रिलमध्ये जातोय. मी त्याला दोन्हीकडच्या खोल्यांचे दुवे पाठवले, था तिएनचे आधी. खाली एवढंच लिहिलं की लिफ्ट आहे का ते विचारून घे.