दोन वर्षांची पोस्टडॉक आणि अमेरिकेचा व्हिसा: जे-१ की एच-१बी?

जे-१ हा शैक्षणिक देवाणघेवाणीचा व्हिसा, तर एच-१बी हा कुशल नोकरदारांचा. विद्यापीठाने दोन्ही पर्याय पुढे ठेवले, की उमेदवार बहुधा 'एच-१बी'कडे झुकतो. पोस्टडॉकसारख्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, तात्पुरत्या पदासाठी ही ओढ तपासून पाहावी.

वेळेच्या दृष्टीने जे-१ सुटसुटीत आहे. विद्यापीठाने डीएस-२०१९ हा पात्रतेचा अर्ज-दाखला दिला आणि उमेदवाराने २२० डॉलरचे सेव्हिस (सरकारी नोंदणी) शुल्क भरले, की व्हिसाच्या मुलाखतीची वेळ घेता येते. एच-१बीसाठी आधी कामगार खात्याची मंजुरी आणि मग विद्यापीठाची याचिका लागते, जी रुजू होण्याच्या सहा महिन्यांहून आधी दाखल करता येत नाही. विद्यापीठांना एच-१बीचा वार्षिक कोटा लागू नसल्याने त्यासाठीची लॉटरी (सोडत) मात्र टळते.

खर्चाचे पारडे तर एकीकडेच झुकले आहे. सप्टेंबर २०२५च्या अध्यक्षीय घोषणेने परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी याचिकांवर १,००,००० डॉलर लादले; दोन वर्षांच्या पदासाठी एवढी रक्कम कोणता विभाग मोजेल?

जे-१ची खरी मेख अटींत आहे: सरकारी निधी असल्यास दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू शकते, त्यामुळे डीएस-२०१९वरील निधीचा रकाना सहीपूर्वी वाचावा.

ठरावीक मुदतीचे संशोधन करून परतायचे असेल, किंवा जोडीदारालाही कामाचा परवाना काढून नोकरी करायची असेल, तर जे-१ घ्यावा. पुढे ग्रीन कार्डचा विचार असून विद्यापीठ खर्च उचलत असेल, तरच एच-१बीचा आग्रह धरावा.