महापेतला आमचा स्टोरेज अ‍ॅरे: पावसाळा आणि मार्चएंड पार पडल्यानंतरचा अनुभव

आमचं ऑफिस महापे एमआयडीसीत. काम आयात-निर्यातीच्या मालाची कागदपत्रं आणि वाहतूक सांभाळण्याचं, त्यामुळे न्हावा शेवाला जहाज लागलं की इकडे स्कॅन केलेल्या कागदांचा ढीग सर्व्हरवर यायला लागतो. हे सगळं साठतं स्टोरेज अ‍ॅरेवर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून सगळ्या सर्व्हरना जागा देणाऱ्या पेटीवर. जुन्या अ‍ॅरेचा सपोर्ट संपला म्हणून गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवा घेतला. दोन कंट्रोलर (पेटीचा कारभार चालवणारे भाग), वेगवान एसएसडीची एक शेल्फ (डिस्कचा कप्पा) आणि १६ टीबीच्या बारा एनएल-सास (मोठ्या पण हळू) डिस्कची दुसरी. मधल्या किमतीच्या बहुतेक अ‍ॅरेंची रचना अशीच असते, म्हणून कंपनीचं नाव देत नाही. खाली लिहिलंय ते यातला कुठलाही घेणाऱ्याच्या उपयोगी पडावं.

वेगाचं लगेच उरकते. उत्तम आहे. डेटाबेस एसएसडीवर, स्कॅन मोठ्या डिस्कवर, कोणाची तक्रार नाही. आजकाल या किमतीत वेग मिळतोच. खरेदीच्या मीटिंगमध्ये मात्र सगळा वेळ आयओपीएसच्या (सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येतं त्याच्या) आकड्यांवर गेला आणि दोन गोष्टींवर कोणी फारसं बोललं नाही: डिस्क गेल्यावर काय होतं, आणि एकदा दिलेली जागा परत कशी मिळते. वर्षभर माझं काम या दोन गोष्टींभोवतीच फिरलं.

पहिली डिस्क ऐन जुलैत गेली. ठाणे-बेलापूर रोडवर पाणी, ट्रान्स हार्बरच्या गाड्या उशिरा, आणि सकाळी मेल: मोठ्या शेल्फमधली एक डिस्क फेल. अ‍ॅरेने स्वतःहून हॉट स्पेअर (आत तयार ठेवलेली जादा डिस्क) घेतली होती आणि रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा तिच्यावर पुन्हा उभा करणं, सुरू केला होता, तेव्हा काळजीचं कारण नव्हतं. पण रिबिल्ड म्हणजे काय हे आकड्यात समजून घेण्यासारखं आहे. १६ टीबीच्या डिस्कवर सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने अखंड लिहीत राहिलं तरी २२ तास लागतात. हे फक्त कागदावर, कारण त्याच वेळी लोकांचं कामही त्याच डिस्कवर चालू असतं. आमच्याकडे रिबिल्डला दोन दिवसांच्या आसपास लागले. अ‍ॅरेत रिबिल्डची प्रायॉरिटी कमी-जास्त करता येते. दिवसा मध्यम, रात्री जास्त, असं मी ठेवलं.

म्हणूनच मोठ्या डिस्कवर रेड ५ कोणी सुचवलं तर ऐकू नका. रेड म्हणजे एखादी डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून अनेक डिस्कचा ग्रुप करणं; रेड ५ एक डिस्क गेलेली सोसतं, रेड ६ दोन. रेडची मूळ कल्पना १९८८ सालच्या बर्कलेच्या निबंधातली आहे, तेव्हा डिस्क एमबीत मोजायचे. आज अकरा डिस्कच्या रेड ५ ग्रुपमधली एक गेली तर उरलेल्या दहाही पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे १६० टीबी. एंटरप्राइझ हार्ड डिस्कच्या स्पेसिफिकेशनमध्ये साधारण १०चा १५वा घात इतक्या बिट्समागे एक न वाचता येणारी चूक धरलेली असते. ते होतात १२५ टीबी. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात, पण कागदावरच गणित बसत नसेल तर त्यावर कंपनीचा डेटा ठेवू नये. आमचा ग्रुप रेड ६चा आहे. एक डिस्क गेली तरी दुसरी पॅरिटी (गेलेला डेटा पुन्हा काढण्यासाठी ठेवलेली जादा माहिती) शिल्लक होती, आणि त्या दोन दिवसांत मी रात्री घरी शांत झोपले.

डिस्क बदलणं हे या अ‍ॅरेचं सगळ्यात आवडलेलं काम. स्क्रीनवर डिस्क निवडून ‘लोकेट’ केलं की त्या बेचा (डिस्कच्या खाचेचा) दिवा लुकलुकतो. तरीही मी दिव्यावर विसंबत नाही. स्क्रीनवरचा सीरियल नंबर आणि शेल्फचा आकृतीतला क्रमांक कागदावर लिहून रॅकसमोर जाते, आणि इंजिनिअरला आधी बे मोजायला लावते. लॅच उघडून कॅडी (डिस्क बसवलेली चौकट) बोटभर बाहेर ओढायची आणि तशीच धरून अर्धा मिनिट थांबायचं. आतल्या तबकड्या मिनिटाला ७,२०० फेऱ्यांनी फिरत असतात, त्या पूर्ण थांबेपर्यंत डिस्क हलवायची नसते. मग बाहेर काढून लेबलवरचा सीरियल नंबर कागदाशी ताडायचा, आणि त्यानंतरच नवी आत सरकवायची. इंजिनिअर म्हणाला, “मॅडम, खराब झालेलीच आहे ना, एवढं कशाला?” मी म्हटलं, “अरे, खराब डिस्क सांभाळून काढली की चांगली डिस्क सांभाळून काढायची सवय लागते.” पुढच्या वेळी त्याने स्वतःच बे मोजले.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट. पार्ट, म्हणजे बदलीची डिस्क, एसी गाडीतून येतो, गार असतो. ते पाकीट बाहेरच्या पॅसेजमधल्या दमट हवेत फोडलं की डिस्कवर लगेच बाष्प धरतं. त्यामुळे पाकीट बंदच सर्व्हर रूममध्ये आणायचं, तिथलं तापमान त्याला लागू द्यायचं आणि मग उघडायचं. आपल्या इलेक्ट्रिशियन काकांना हे सांगावं लागत नाही, त्यांनी पॅनेलमधल्या कार्डांचं असं झालेलं पाहिलेलं असतं. रूम आम्ही २२-२३ अंशांवर ठेवतो, उपकरणांसाठी १८ ते २७ ही शिफारस आहेच.

सपोर्टबद्दल मात्र नाराजी आहे. आमचा करार ‘नेक्स्ट बिझनेस डे’चा, म्हणजे पार्ट पुढच्या कामाच्या दिवशी. शुक्रवारी संध्याकाळी डिस्क गेली की पार्ट सोमवारी, हे सही करतानाच माहीत होतं. पण एकदा सर्व्हिस देणाऱ्यांनी १६ऐवजी १४ टीबीची डिस्क पाठवली. लहान डिस्क मोठीची जागा घेऊ शकत नाही, अ‍ॅरे ती नाकारतो. परत कॉल, परत ‘बिझनेस डे’ची मोजणी. तेवढे दिवस स्पेअरविना काढले. त्यानंतर साहेबांना सांगून एक डिस्क विकत घेऊन कपाटात ठेवली. घेणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं: महागडा चार तासांचा करार परवडत नसेल तर रेड ६, एक हॉट स्पेअर आणि एक डिस्क कपाटात.

खराब डिस्क परत द्यायची की ठेवायची, हेही आधीच ठरवा. नेहमीच्या करारात जुनी डिस्क कंपनीकडे परत जाते. डिस्क ‘फेल’ म्हणजे त्यावरचा डेटा गेला असं नसतं. आमच्या स्कॅनमध्ये लोकांचे पॅन, पत्ते, बँकेचे तपशील असतात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, आणि तो नसता तरी दुसऱ्याचे कागद असे बाहेर जाऊ देणं बरोबर नाही. डिस्क आपल्याकडेच ठेवण्याचा पर्याय थोडे जास्त पैसे देऊन मिळतो. आम्ही घेतला.

आता जागा. इथे अ‍ॅरे चांगला असून भागत नाही, रोज बघावं लागतं.

पहिला धक्का अकाउंट्सला बसला. बारा गुणिले १६ म्हणजे १९२ टीबीचं बिल, आणि स्क्रीनवर १३१. “मॅडम, बाकीची साठ टीबी कुठे गेली?” एक डिस्क स्पेअर, दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला, उरल्या नऊ, म्हणजे १४४ टीबी. डिस्क बनवणारे टीबी दशमान पद्धतीने मोजतात आणि आमचा अ‍ॅरे १,०२४च्या पटीत, त्यामुळे १४४चे साधारण १३१ होतात. कोटेशन मागतानाच ‘सगळं वजा जाऊन वापरायला किती’ हा आकडा लेखी घ्या.

त्याच कोटेशनमध्ये बहुतेक वेळा ‘इफेक्टिव्ह’ जागाही लिहिलेली असते: डीड्यूप (सारखा डेटा एकदाच ठेवणं) आणि कॉम्प्रेशन (डेटा दाबून लहान करणं) धरून चौपट वगैरे. आमचे स्कॅन म्हणजे पीडीएफ आणि जेपीईजी, ते आधीच कॉम्प्रेस्ड. त्यांच्यावर अ‍ॅरेने कितीही डोकं लावलं तरी जवळजवळ काहीच कमी होत नाही. एनक्रिप्ट केलेल्या डेटाबेसचंही तेच. व्हर्च्युअल मशीनवर (एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी संगणकांवर) मात्र खरोखर फायदा झाला, कारण एकाच ऑपरेटिंग सिस्टीमच्या बऱ्याच प्रती तिथे असतात. तेव्हा चौपटीची हमी कोणी दिली तर त्यातून कुठला डेटा वगळलाय ते वाचा. कॉम्प्रेस्ड आणि एनक्रिप्टेड हे दोन्ही बहुधा वगळलेले असतात.

थिन प्रोव्हिजनिंग, म्हणजे जागा कबूल करायची पण लागेल तशीच द्यायची ही सोय, नसतं तर मी हे काम करू शकले नसते. प्रत्येक टीमला दोन टीबीच हवी असते. “आत्ताच देऊन ठेवा ना, परत परत तुम्हाला त्रास नको,” असं प्रेमाने सांगतात, आणि वर्षभरात तीनशे जीबी वापरतात. थिनमध्ये लून (सर्व्हरला दिलेली आभासी डिस्क) दोन टीबीची दिसते, पण पूलमधून (डिस्कच्या सामायिक साठ्यातून) जागा लिहिल्याइतकीच जाते. सगळ्यांना दिलेल्या जागेची बेरीज आमच्याकडे एसएसडी पूलच्या दीडपटीच्या वर आहे. यात गैर काही नाही, पण जबाबदारी कोणाची हे स्पष्ट हवं. पूल भरला तर फक्त एका टीमचं काम अडत नाही, त्या पूलमधल्या सगळ्या लूनवरचं लिखाण थांबतं, आणि त्या वेळी होस्टवर, म्हणजे जागा वापरणाऱ्या सर्व्हरवर, मात्र जागा रिकामी दिसत असते. आमचा नियम: ७० टक्क्यांना साहेबांना मेल, ८० टक्क्यांना डिस्कची पर्चेस रिक्वेस्ट, ९० टक्क्यांना नवी लून बंद, मग मागणारा कोणीही असो. मंजुरी, ऑर्डर आणि डिलिव्हरीत महिने जातात, म्हणून आकडे एवढे खाली ठेवलेत.

मार्चएंडला याची परीक्षा झाली. एसएसडी पूल संध्याकाळी ७४ टक्के होता, सकाळी ८१. नवा डेटा तर एवढा आलेला नव्हता. अकाउंट्सच्या डेटाबेसचे इंडेक्स (शोधाच्या सूची) रात्री पुन्हा बांधले गेले होते. डेटा तोच, पण ब्लॉक (डेटाचे लहान तुकडे) जवळपास सगळे नव्याने लिहिले गेले, आणि जुने ब्लॉक स्नॅपशॉटनी (डेटाच्या त्या क्षणीच्या गोठवलेल्या प्रतींनी) धरून ठेवले. स्नॅपशॉट फुकट असतो हे विक्रेत्यांचं आवडतं वाक्य. तो घेताना फुकट असतो, नंतर बदलणाऱ्या प्रत्येक ब्लॉकची जागा धरतो. आता मोठ्या देखभालीआधी डेटाबेस सांभाळणारी टीम मला कळवते आणि त्या लूनचे जुने स्नॅपशॉट आम्ही आधी आवरून घेतो.

दिलेली जागा परत मिळणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. होस्टवर फाइल डिलीट केली म्हणून अ‍ॅरेला ते कळत नाही. होस्टने ‘अनमॅप’ची आज्ञा पाठवली तरच पूलमध्ये जागा परत येते. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या व्हीएमएफएस ६ या फाइल सिस्टीममध्ये हे आपोआप होतं, व्हीएमएफएस ५ वर कमांड हाताने द्यावी लागते. विंडोज सर्व्हर २०१२पासून एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) स्वतः पाठवतं. लिनक्सवर ‘एफएसट्रिम’चा आठवड्याचा टायमर असतो, पण तो चालू आहे का ते बघावं लागतं. आमच्या जुन्या लिनक्स फाइल सर्व्हरवर नव्हता. रात्री कमांड चालवली, आणि मोठ्या पूलचा आलेख चार टीबीने खाली आला. चार टीबी एक रुपयाही खर्च न करता. ज्या अ‍ॅरेत प्रत्येक लूनची ‘होस्टच्या मते किती’ आणि ‘अ‍ॅरेच्या मते किती’ ही तुलना एका पानावर दिसत नाही, तो मी घेणार नाही. आमच्यात ती दिसते, आणि या एका पानासाठी मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देईन.

फर्मवेअर (अ‍ॅरेच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट चालू कामात झालं. कंट्रोलर एकेक करून रीस्टार्ट होतात आणि तेवढ्यापुरते होस्ट दुसऱ्या वाटेने जातात. त्याआधी प्रत्येक होस्टवर ‘मल्टिपाथ’ची, म्हणजे डिस्कपर्यंतच्या सगळ्या वाटांची, यादी डोळ्यांनी बघितली. एका सर्व्हरच्या दोन्ही केबल एकाच कंट्रोलरला लागलेल्या निघाल्या. त्या नीट केल्या, मगच अपडेट.

किमतीबद्दल शेवटचं. पहिली तीन वर्षं सपोर्ट खरेदीतच धरलेला असतो, चौथ्या वर्षाचा आकडा ते वर्ष आल्यावरच सांगतात आणि तो बराच मोठा असतो. आम्ही चौथ्या आणि पाचव्या वर्षाचे दर, वाढीव डिस्कचा दर आणि डिस्क आपल्याकडे ठेवण्याची अट, हे तिन्ही पहिल्याच पर्चेस ऑर्डरवर लिहून घेतलं. विक्रेता आठवडाभर कुरकुरला, पण त्याला ऑर्डर हवी होती. ती हातात पडल्यावर यातलं काहीही मिळालं नसतं.